आपोआप लागणारी गिटार

संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या व्यवसायातले काही हृद्य अनुभव लिहा." मी म्हटलं, लिहिते, पण 'हृद्य' हा शब्द वाद्यदुरुस्ती करणाऱ्या माणसासमोर जपून वापरावा. आमच्या टेबलावर जे येतं त्यात हृदय कमी आणि उंदराच्या लेंड्या जास्त असतात. पेटीच्या भात्यात उंदराने पिल्लं घातलेली मी पाहिली आहेत आणि ती पिल्लं बाहेर काढल्यावर "मग आता वाजेल ना?" असं विचारणारे मालकही पाहिले आहेत.

रत्नागिरीत आमचं दुकान वडिलांच्या वेळचं. पेटी, तबला, सतार, पुढे पुढे गिटार आणि मेंडोलिन. १९९८ साली बाबांची नजर इतकी उतरली की त्यांना कानस कुठे लागतेय ते दिसेना. भाऊ नव्हता, आणि मला लहानपणापासून हे काम येत होतं, म्हणून मी बसले. तेव्हापासून पुढची दहा-बारा वर्षं दुकानात शिरणाऱ्या निम्म्या माणसांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "मालक कुठायत?" मी हातात स्क्रूड्रायव्हर, समोर उघडी पेटी, पदर कमरेला खोचलेला. "मीच," म्हटलं की माणूस माझ्या पाठीमागे बघायचा, जणू मालकांना मी पडद्याआड लपवून ठेवलंय. एकाने तर "बरं, ते आले की येतो" म्हणून गिटार परत नेली. तो अजून आलेला नाही. वाट बघत असेल.

हवामानाबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिटार हे कोरड्या देशांतलं वाद्य आहे. पातळ लाकडाची फळी, वर सहा तारा ताणलेल्या, आणि त्या ताणावर ते सगळं उभं. कोकणात लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि फुगतं, मे महिन्यात आटतं, आणि खारा वारा बारा महिने तारा खातो. आज लावलेली गिटार उद्या सकाळी उतरलेली असते. यात गिटारीचा दोष नाही, माझाही नाही. पण गिऱ्हाइकाच्या मते दोष नेहमी शेवटचा हात ज्याचा लागला त्याचा असतो.

आणि यावर लोक जे उपाय करतात ते बघून माझं डोकं उठायचं. नाटे बंदरातून एक ट्रॉलरवाले आले होते, मोठे भले गृहस्थ. तारा गंजू नयेत म्हणून त्यांनी होडीच्या इंजिनाचं ग्रीस सगळ्या तारांना, खुंट्यांना आणि उरलेलं मानेला फासलं होतं. "गंज बघा कुठे दिसतोय का?" असं अभिमानाने म्हणाले. गंज नव्हताच. आवाजही नव्हता. शहरातल्याच एका मास्तरीणबाईंनी दमटपणा शोषला जावा म्हणून गिटारीच्या पोटात पायलीभर तांदूळ भरून ठेवले होते, आणि पावसाळाभर विसरल्या. गिटार माझ्याकडे आली ती टोके, म्हणजे तांदळातले किडे, पडलेली. मी ती उलटी करून हलवत बसले होते आणि बाई शेजारी उभं राहून म्हणत होत्या, "जपून हं, सुरय तांदूळ आहे तो."

अशा वातावरणात एके दिवशी आपोआप लागणारी गिटार माझ्या दुकानात आली.

ती आणणारे शांतारामदादा. हातखंब्याहून आत गेलं की डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथले. तरुणपणी मुंबईला गेले आणि पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर लागले. खोलीशेजारी राहणाऱ्या एका कॅथलिक गृहस्थांकडून गिटार शिकले. मी दुकानात बसू लागले त्याच सुमारास कारखाना बंद पडला आणि दादा गिटार पाठीला लावून गावी आले. गावी त्यांचे धाकटे भाऊ यशवंत भजनाचे बुवा. आमच्याकडे बुवा म्हणजे जो पेटी वाजवतो, गातो, आणि मागे बसलेल्या झांजवाल्यांना नुसत्या भुवईने हाकतो तो. बुवांनी भावाला आपल्या उजव्या हाताला बसवलं. भजनात गिटार! सुरुवातीला पंचक्रोशी हसली. मग सवय झाली, आणि मग "गिटारीची बारी" म्हणून त्या मंडळाची ओळखच झाली. डबलबारीत, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात त्या सामन्यात, लोक गिटार ऐकायला येऊ लागले.

दादा प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी माझ्याकडे यायचे. कधी "तार जुनी झालीय," कधी "खुंटी सैल वाटते," कधी "सहज आलो हुतो बाजारात." तार नवी असायची, खुंटी घट्ट असायची. मी निमूट गिटार लावून द्यायचे आणि ते ती गोधडीत गुंडाळून एस.टी.ने परत न्यायचे. लहान मूल आणलंय अशी ते ती मांडीवर धरून बसत.

ती लावण्यातही एक गोम होती. त्यांच्या मंडळाची पेटी ही त्यांच्या वडिलांची. तीही आमच्याच दुकानातली. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक जीभ असते, रीड म्हणतात. हवा आली की ती थरथरते आणि सूर निघतो. तिच्या टोकाला कानस लावली की सूर चढतो, मुळाशी लावली की उतरतो. बाबांनी ती पेटी म्हाताऱ्या बुवांना, म्हणजे दादांच्या वडिलांना, समोर बसवून, त्यांच्या गळ्याला ऐकून लावली होती. त्यामुळे ती हल्लीच्या ठरलेल्या पट्टीपेक्षा किंचित खाली होती. दोन पट्ट्यांच्या मध्ये पडणारी, कुठल्याच एकीत नीट न बसणारी. बाकी जगाच्या दृष्टीने ती पेटी बेसूर. पण त्या वाडीतले तीन पिढ्यांचे गळे त्याच सुरावर तयार झाले होते. बाबांनी त्या सुराची एक जास्तीची रीड काढून ठेवली होती. ती तोंडाने फुंकायची आणि दादांची गिटार तिला मिळवायची, असा आमचा रिवाज.

तर त्या दिवशी दादांनी गोधडीतून एक खोकं काढलं. "जावयान धाडलान हाय. परदेशातनं. आपोआप लागते."

खोक्यात सहा चकचकीत खुंट्या आणि गिटारीच्या डोक्यामागे चिकटवायची एक डबी. प्रत्येक खुंटीच्या पोटात मोटर. म्हणे, एकदा सगळ्या तारा छेडायच्या. डबी लाकडातून त्यांची थरथर ऐकते, कुठली तार चढली, कुठली उतरली ते ओळखते आणि खुंट्या आपापल्या फिरवते. दिवा हिरवा झाला की गिटार लागली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दादा, चांगल्या वाद्याच्या डोक्याला भोकं पाडून ही मिक्सरची भावंडं बसवायची? स्वर लावणं हे वाजवण्यातलं पहिलं काम आहे. उद्या गाणंही आपोआप म्हणणारं यंत्र आणाल आणि तुम्ही पान खात बसाल." बरंच बोलले. मला एकदा सुरुवात झाली की थांबवणं कठीण, हे बाजारातल्या कोणालाही विचारा.

दादा ऐकत होते. मी बोलता बोलता त्यांची गिटार हातात घेतली होती. सवयीने दोन तारा छेडल्या. चांगल्याच उतरलेल्या होत्या, अंगावर काटा यावा इतक्या. मी वैतागून म्हटलं, "हे बघा, ही कशी वाजतेय ऐका."

दादा म्हणाले, "झकास."

मी पुन्हा छेडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तेच खाली बघून बोलले, "बाय, बोललेलं कळतं माला. पेटी वाजते, झांज वाजते, तेबी कळतं. पर दोन तारा लागल्या का नाय, तां नाय कळत आता. निस्ता आवाज येतो. प्रेसवर कान गेलं."

इतकी वर्षं माणूस तार जुनी झाल्याचं सांगून माझ्याकडे का येत होता ते मला तेव्हा कळलं. मला माझ्या मघाच्या बडबडीचा राग आला आणि त्यांचाही आला. मी म्हटलं, "मग कानाला यंत्र लावा की! जावयाने ते पाठवलं असतं."

"कानाला लावलं तर सगळ्यांना दिसंल. गिटारीला लावलं तर लोक म्हंतील, नवीन काय आणलान बगा." मग हात जोडून, "यशवंताला बोलू नका. बुवा हाय तो. बारीत एक सूर इकडचा तिकडं खपत नाय त्याला. कळलं तर माला मागं बसवंल, झांज दील हातात. माज्याकडं दुसरं काय हाय, बाय? शेती त्यानं केलान, घर त्यानं संभाळलान. माला ती उजव्या हाताची जागा हाय तेवडीच."

कानाला यंत्र नको, गिटारीला चालेल! अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी गिरमिट काढलं.

बसवताना त्या यंत्राने माझा जीव खाल्ला. भोकं एक सूत मोठी लागत होती, पितळेच्या पट्ट्या घासाव्या लागल्या, माहितीपुस्तकात चित्रं होती पण ती बहुधा आधीच सगळं येणाऱ्यांसाठी होती. आणि वीज! तेव्हा भारनियमन म्हणजे दिवसातले तास मोजून दिवे जात. डबीची बॅटरी चार्ज व्हायला लावली की दिवे गेलेच. शेवटी एकदाची ती जागी झाली. मी तारा छेडल्या. खुंट्या मांजरासारख्या गुरगुरल्या, फिरल्या, थांबल्या. दिवा हिरवा. मी प्रत्येक तार कान लावून तपासली. चूक नव्हती. एवढी स्वच्छ मलाही रोज लावता आली नसती, हे लिहायला मला आजही फारसं आवडत नाही, पण खरं आहे.

फक्त ती लागली होती जगाच्या पट्टीला. बाबांच्या रीडला नाही. रीड फुंकली आणि तार छेडली, तर दोन्ही आवाज एकमेकांना दात दाखवत होते.

मी जावयाला फोन लावला. मुलगा फार शांत. मी निम्मा वेळ ओरडत होते, तरी त्याने तिकडे पुस्तक उघडून मला एकेक पायरी वाचून दाखवली. कुठली कळ किती वेळ दाबायची, दिवा कुठल्या रंगाचा झाला की सोडायची, मग आपल्याला हवा तो सूर त्याला कसा ऐकवायचा. पुष्कळदा चुकलं, पण शेवटी यंत्राने बाबांच्या रीडचा सूर मान्य केला. जावई म्हणाला, "मावशी, दोनच गोष्टी सांभाळा. खुंट्या हाताने फिरवू देऊ नका, आतले दाते तुटतात. आणि बॅटरी बाहेर काढू देऊ नका. काढली की हे सेटिंग पुसलं जातं, यंत्र परत मूळ पट्टीवर जातं."

दोन्ही गोष्टी मी दादांना समोर बसवून सांगितल्या. खुंटीला हात लावायचा नाही. बॅटरी काढायची नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांना मान डोलवायची सवय होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याला अर्धंच ऐकू येतं तो नेहमीच जास्त मान डोलावतो.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. दादा दुकानात येईनासे झाले. एकदा बाजारात भेटले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते.

मग वैशाखातला त्यांच्या देवळाचा उत्सव आला. मुंबईहून चाकरमानी आलेले, घरं भरलेली. समोरची बारी संगमेश्वराकडच्या एका नामांकित बुवांची. भारनियमनामुळे त्या वर्षी सामना उन्हं उतरल्यावर लगेच ठेवला होता. दादांनी मला आग्रहाने बोलावलं होतं, "मशीन तुमी बसवलात, तुमी नकोत?" म्हणून मीही गेले आणि देवळाच्या मंडपात बायकांत पुढे बसले.

दादा नवा पांढरा सदरा घालून बसले होते. गिटारीवर हार घातलेला. त्यांनी बुवांकडे, मग लोकांकडे बघितलं, कळ दाबली आणि तारा छेडल्या. खुंट्या आपोआप फिरू लागल्या तशी मंडपात "आयला!" असा एकच आवाज झाला. मागचे लोक उठून उभे राहिले. समोरचे बुवासुद्धा मान उंचावून बघू लागले. दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

बुवांनी भाता हलवला आणि पहिला सूर धरला. दादांनी त्यावर गिटार वाजवली.

गिटार पेटीच्या वर चढून बसली होती. पुरता स्वरही नव्हे, त्याच्या आतला तुकडा. आणि तोच जास्त वाईट, दातात खडा यावा तसा. झांजवाले एकमेकांकडे बघू लागले. पखवाजवाल्याने हात हवेतच थांबवला. दादा डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने, पुढची कॉर्ड वाजवत होते.

मी तशीच उठले, पदर सावरत पुढे गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बॅटरी काढली होतीत?"

"व्हय तर," दादा म्हणाले. कान गेलेला माणूस हळू बोलत नाही. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "दोन दिस उन्हात घातलेली. आमसुलांच्या शेजारी. चांगली कडक झालीय आता!"

कपाळावर हात मारून घ्यावा की त्यांच्या पाठीत एक घालावी, मला कळेना. टॉर्चचे सेल मंदावले की उन्हात घालायचे, हे आमच्याकडे मूल चालायला लागल्यापासून बघतं. परदेशी बॅटरी झाली म्हणून काय झालं? वहिनींनी अंगणात आमसुलं घातली, ह्यांनी शेजारी बॅटरी घातली. वर एखादं फडकं टाकलं असेल, कावळ्यांसाठी.

गावात मोबाईलला रेंज नव्हती, जावयाच्या पायऱ्या मला तोंडपाठ नव्हत्या. मी म्हटलं, "द्या इकडे, हाताने लावते." दाते तुटले तर तुटोत.

दादांनी गिटार छातीशी धरली. "कशाला? लागलीय ना! हिरवा दिवा बगा की." आणि लोकांकडे बघून हसत म्हणाले, "बायचा अजून विश्वास नाय मशीनीवर."

लोक हसले. माझा हात तसाच पुढे राहिला. आता मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'दादा, नाही लागलेली.' ते बोलले असते तर गिटार एका मिनिटात मिळाली असती. पण मग भरल्या मंडपात, चाकरमान्यांसमोर, समोरच्या बारीसमोर, या माणसाला ऐकू येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. मी बुवांकडे बघितलं.

बुवा माझ्याकडे बघत नव्हते. भावाच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी पेटीचा भाता मिटला, खटका लावला, वर उपरणं टाकलं आणि पेटी हाताने बाजूला सारली.

"आजची बारी दादाच्या गिटारीवर," ते म्हणाले. "पेटी नको."

बाहेरच्या माणसाला यात काय झालं ते कळणार नाही. डबलबारीचा बुवा पेटीवाचून बसत नाही. पैलवानाने हात मागे बांधून कुस्ती खेळावी, तसं ते. मागे कोणीतरी "काय केलंन बुवान!" म्हणालं. समोरच्या बुवांच्या ओठावर हसू आलंच.

यशवंत बुवा गायले. जन्मभर ज्या सुरावर गळा बसला होता तो सोडून, वरच्या त्या परक्या पट्टीवर, नुसत्या गिटारीच्या आधाराने. पहिल्या गजरात आवाज दोनदा फाटला. कोरसवाले चाचपडले. पण त्यांनी पट्टी सोडली नाही, आणि प्रत्येक कडव्यानंतर भावाकडे बघून मान हलवत राहिले, आणि दादा फुलत गेले. तसा गिटारीचा हात मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला रडू येत होतं आणि सगळ्यांचा राग येत होता. यंत्राचा, आमसुलांचा, त्या दोघांचा.

समोरच्या बुवांनी आपल्या बारीत सोडलं नाही. 'घरी पेटी असून बुवा भिकारी' अशा अर्थाचं काहीतरी जागच्या जागी जुळवून म्हटलं. मंडप खो खो हसला. यशवंत बुवाही हसले. सामना गेला हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

चहाच्या वेळी बुवा मंडपामागच्या हौदावर हात धूत होते. मी तिथे गेले. मला राहवेना. म्हटलं, "बुवा, तुम्हाला माहीत आहे?"

"दादाचं?" त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याला हात पुसले. "मुंबईसनं आला तवापास्नं. त्यो समजतो माला ठावं नाय. राहू दे तसंच."

"पण एकदा स्पष्ट बोललात तर औषधपाणी होईल, कानाला यंत्र..."

"आनि मंग त्यो माज्या बाजूला बसंल?" बुवा म्हणाले. "आपनहून मागं जाऊन बसंल त्यो. वळकता नाय तुमी दादाला. बारी काय, पुढल्या वर्सालाबी हाय."

एक भाऊ म्हणतो त्याला सांगू नका, दुसरा म्हणतो ह्याला सांगू नका, आणि मध्ये मी. वाद्य दुरुस्त करायला बसले होते मी. माणसांचं हे कोणी सांगितलं होतं? निघताना मी दादांना म्हटलं, गिटार दुकानात घेऊन या, पुन्हा तो सूर भरून देते. ते म्हणाले, "आता काय जरूर नाय. यशवंता आता गिटारीवरच गातो."

उत्सव उलटून गेल्यावर, पावसाच्या आधी, एके सकाळी दादा दुकानात आले. गिटार नव्हती. दोन्ही हातांत, जुन्या लुगड्यात बांधलेली, वडिलांची पेटी होती. एस.टी.च्या गर्दीतून मांडीवर धरून आणली होती.

त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. "यशवंतान पाठवलान. म्हनतो, पेटीचा सूर उतरलाय. त्या बायला सांग, गिटारीच्या मशीनीला मिळती करून दे. सगळ्या पट्ट्या."

मी पेटी उघडली. रीडांची ओळ तशीच होती, बाबांच्या कानशीच्या खुणा अजून दिसत होत्या. सगळ्या टोकांना घासून वर चढवायच्या. एकदा घासलेलं पितळ परत येत नाही, आणि टोक पातळ झालं की आवाजही पातळ होतो. बुवांना हे ठाऊक होतं, तीन पिढ्यांची पेटी होती ती. मी दादांना म्हटलं, "बुवांना नीट विचारलंत ना? हे परत पहिल्यासारखं होणार नाही."

"इचारलं. तो म्हनला, करून आन." दादा स्टुलावर बसले, इकडेतिकडे बघितलं, आणि पुढे वाकून त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू बाय? माला बारीतच कळलं हुतं. पयल्या सुराला. पेटी उतरल्याली. पर बोललो नाय. बुवा हाय तो, चार मान्सांत त्याला कसं सांगायचं, तुजी पेटी लागली नाय म्हनून? मन दुखलं आसतं त्याचं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, थोडे भीत भीत.

मी मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हटलं, "बरोबर ओळखलंत दादा. उतरलेलीच होती."

त्यांनी समाधानाने मान डोलावली. मी पहिली रीड सोडवून घेतली आणि तिच्या टोकाला कानस लावली.